जड झालेली घार

मी एक जुनी घार आहे. पक्ष्याचं नाव लावते म्हणून गैरसमज करून घेऊ नका, मित्रांनो. मी दोन माणसांचं छोटं विमान आहे. सुटे भाग खोक्यांतून येतात आणि हौशी माणसं ते आपल्या हातांनी जोडतात, त्या जातीचं. 'घार' हे नाव मला इनामगावात मिळालं. 'जुनी' हे विशेषण मात्र माझं मीच लावून घेतलं आहे. बाकीची विमानं उडून उडून जुनी होतात. मी उडण्याआधीच जुनी झाले.

माझा जन्म कुठला, हे सांगणं अवघड आहे. माझ्या नळ्या एका देशातल्या, इंजिन दुसऱ्या देशातलं आणि पंखांचं कापड तिसऱ्याच ठिकाणचं. हे सगळं लाकडी खोक्यांत बंद होऊन आधी बोटीतून आणि मग ट्रकमधून घोड नदीच्या काठी आलं. खोक्यात गच्च अंधार होता. हलायला जागा नव्हती. एकदा का ही झाकणं उघडली की आपण सुटलो, असं मी स्वतःला समजावत होते. तेव्हा मी फार भोळी होते.

मला मागवलं करुणाने. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. वडील म्हाळूआप्पा रेल्वेत डब्यांचे फिटर होते. लहानपणी ती त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन यार्डापर्यंत जायची आणि गाड्या सोडून आभाळाकडे बघत उभी राहायची. मोठी होऊन रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला लागली, सुट्ट्या साठवून साठवून विमान चालवायला शिकली, आणि लोक नोकरीच्या जोरावर घर बांधतात तिथे हिने मला मागवलं. तिची आई पार्वतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "घराला निदान दारं-खिडक्या तरी असत्यात. ह्याला काय हाय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळी मला साधं शेपूटही नव्हतं.

जागा दिली अयुबमामांनी. इनामगावच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी अर्धी शेड रिकामी करून दिली. मग रविवारी रविवारी माणसं जमू लागली. म्हाळूआप्पा दौंडहून एसटीने यायचे. गावातल्या गिताबाई ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यांनी पंखांचं कापड अंगावर घेतलं. अयुबमामांचा पुतण्या शाकीर ट्रॉल्यांच्या पाठीवर मोर आणि कमळं रंगवायचा, तो रंगाला आला. जालिंदरने नदीकडचं आपलं पडीक रान धावपट्टीसाठी दिलं आणि त्यावर मुरूम टाकून रूळही फिरवला. यांतल्या कोणालाच कसली मजुरी नव्हती. पण आपल्याकडे चार माणसं एका कामाला जमली की मंडळ होतंच. माझा पहिला बोल्ट बसायच्या आधी शाकीरने 'उड्डाण मंडळ, इनामगाव' असा फलक रंगवून शेडवर लावलासुद्धा.

मंडळाचा पहिला नियम असा होता की, आला त्याने हात लावायचा. चहा पिऊन नुसतं बघत बसायचं नाही. मला हा नियम फार आवडायचा. माझ्या अंगावरून रोज वेगवेगळे हात फिरायचे. म्हाळूआप्पांचे हात खरबरीत होते, पण ते नट इतका हळू फिरवायचे की मला गुदगुल्या व्हायच्या. गिताबाई शिवताना पंखाशी बोलायच्या. "गप ऱ्हा, टोचंल," असं त्या मला म्हणायच्या, आणि मी खरंच गप राहायचे.

दुसरा नियम भांडणातून आला. गिताबाई एकदा लग्नाला गेल्या होत्या. त्यांनी डाव्या पंखावर घातलेली शिवण जालिंदरला वाकडी वाटली. त्याने चांगल्या मनाने ती उसवली आणि आपल्या हाताने पुन्हा घातली. गिताबाई परत आल्या, त्यांनी शिवण पाहिली, कात्री पिशवीत टाकली आणि घरी गेल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, बाई काही शेडकडे फिरकल्या नाहीत. शेवटी अख्खं मंडळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलं. तेव्हा अयुबमामांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आजपासून दुसऱ्यानं केलेलं काम कुणी उसवायचं न्हाई. कच्चं वाटलं तर वर आनिक एक घाला, पर उसवू नका."

नियम चांगला होता, मित्रांनो. त्यामुळे माणसं टिकली. पुन्हा कोणी रुसलं नाही. पण त्याच दिवशी माझ्या पायात पहिली बेडी पडली, आणि ती घालणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

त्याचं असं झालं. कोणाला काही कच्चं वाटलं की तो वर आणखी एक घालू लागला. गिताबाईंनी शिवणीवर शिवण घातली आणि त्यावर कापडाची पट्टी चिकटवली. अयुबमामांना माझे पाय बारीक वाटले. त्यांच्या ट्रॉल्या उसाने शीग भरून खड्ड्यांतून जातात तरी वाकत नाहीत, त्याच हाताने त्यांनी माझ्या पायांना लोखंडी अँगल जोडले. जालिंदरने जाड टायर आणले. शाकीरने माझ्या नाकावर मोर काढला. तो फिका वाटला म्हणून त्यावर दुसरा हात, मग तिसरा हात, आणि मोराच्या भोवती वेल. गिताबाईंनी माझ्या शेपटीला लिंबू-मिरची बांधली. करुणा खोक्यांबरोबर आलेलं जोडणीचं पुस्तक उघडून दाखवायची, "यात एवढंच लिहिलंय, मामा." तेव्हा म्हाळूआप्पा हसायचे. "ते पुस्तक तिकडल्या वाऱ्यासाठी हाय गं. आपलं वारं येगळं." करुणाही हसायची. जी माणसं आपला रविवार तिला फुकट देत होती, त्यांना 'जास्त करू नका' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि एकेक वस्तू बघावी तर चिमूटभरच होती.

सगळ्यात शेवटी आली ती प्लेट. एका रविवारी म्हाळूआप्पा एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी गोणपाट सोडलं. आत बोटभर जाडीची लोखंडी प्लेट होती. कडा इतक्या गोल घासलेल्या होत्या की त्यावरून गालही फिरवावा.

"आप्पा, ही कुठं?" अयुबमामांनी विचारलं.

"शिटाखाली. करुणाच्या."

"पुस्तकात न्हाई ती."

म्हाळूआप्पांनी चष्मा काढून पुसला. "पुस्तक लिवणाऱ्याची पोरगी बसणार हाय का हितं?" एवढंच ते बोलले आणि कामाला लागले.

त्यांनी प्लेट बसवली तेव्हा मला पहिल्यांदा पोटात जड वाटलं. पण खरं सांगते, मला ते आवडलंही. कोणाची तरी इतकी काळजी आपल्या अंगात बसवली जाते आहे, याचा मला गर्व झाला. म्हाळूआप्पांनी शेवटचा बोल्ट आवळला, सीटवर दोनदा थापटलं आणि म्हणाले, "आता कसं."

मग मला पहिल्यांदा शेडच्या बाहेर काढलं. अजून उडायचं नव्हतं, परवानगी यायची होती. नुसतं धावपट्टीवर धावून बघायचं होतं. करुणा सीटवर बसली, इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला आणि माझ्या अंगातून जी शिरशिरी गेली, ती मी कधी विसरणार नाही. बांधावर निम्मं गाव उभं होतं. मी धावले. वेग वाढला. या वेगाला विमान हलकं व्हायला हवं. चाकांवरचा भार कमी होऊन ती जमिनीला नुसती शिवत राहायला हवीत. पंखांखाली वारा आला होता, तो मला उचलायला बघत होता, आणि मी मात्र भाताच्या पोत्यासारखी जमिनीला चिकटून होते. धावपट्टी संपत आली, समोर बाभळी दिसू लागल्या. करुणाने इंजिन कमी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकटी करुणा टाळ्या वाजवत नव्हती. तिचा हात माझ्या सुकाणूच्या दांड्यावर तसाच होता.

काही दिवसांनी पुण्याहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी माझ्या तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवले. मग माझ्याभोवती सावकाश फेरी मारली, शिवण पाहिली, बोल्ट पाहिले, मोरही पाहिला. "इतकं मन लावून केलेलं काम मी क्वचित पाहतो," ते म्हणाले. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग त्यांनी काट्यांवरचे आकडे पुन्हा वाचले आणि म्हणाले, "पण तुमच्या विमानात आधीच एक माणूस बसलेला आहे."

जालिंदरने खरोखरच वाकून आत पाहिलं.

"वजनाबद्दल बोलतोय मी," साहेब म्हणाले. "एका धडधाकट माणसाइतकं वजन जास्त आहे. ते उतरवा, मग परवानगी. त्याआधी हे जमीन सोडणार नाही, आणि सोडलं तर आणखी वाईट."

साहेब गेले. जास्तीचं काय आहे, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होतं. पण ते दुसऱ्याचं होतं, आणि दुसऱ्याचं उसवायचं नव्हतं. गिताबाई अँगलकडे बघत होत्या, अयुबमामा मोराकडे, शाकीर टायरकडे. म्हाळूआप्पा माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "पुढच्या ऐतवारी बघू." पुढच्या रविवारी ते आले नाहीत. गुरुवारी दौंडच्या घरी, सकाळचा चहा हातात असतानाच, ते गेले होते.

त्यानंतर करुणा यायची थांबली. मंडळ काही दिवस येत राहिलं. माणसं यायची, मला फडक्याने पुसायची, चहा घ्यायची आणि जायची. मग पुसणंही बंद झालं. अयुबमामांचा धंदा वाढला, त्यांना जागा लागू लागली. माझ्या एका पंखाखाली ट्रॉलीची चाकं आली, दुसऱ्या पंखाखाली जालिंदरच्या कांद्याच्या गोण्या. वरून ताडपत्री पडली. एका कोंबडीने करुणाच्या सीटवर अंडी घातली. प्लेटमुळे खाली भक्कम होतं, तिला काही तोटा नव्हता.

मित्रांनो, कैद म्हणजे काय ते मी त्या शेडमध्ये शिकले. ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून मला दाराची चौकट दिसायची आणि चौकटीत आभाळाचा एक तुकडा. त्यात कधी कधी खरी घार येऊन गोल फिरायची. पंख न हलवता, नुसती वाऱ्यावर. मला तिचा हेवा वाटायचा, आणि मग रागही यायचा. माझ्याजवळ काय नव्हतं? तिच्यापेक्षा मोठे पंख होते, इंजिन होतं, मोरसुद्धा होता. दाराला कुलूप नव्हतं. मला साखळीने बांधलेलं नव्हतं. मला धरून ठेवणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी मायेने माझ्या अंगावर घातलेली होती. रागवायचं तरी कोणावर? कुलूप असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गावाशेजारच्या टेकाडात पूर्वी खणलं होतं, तेव्हा फार जुन्या काळची मडकी आणि माणसांची हाडं सापडली, असं शेडमध्ये चहा पिताना कोणी ना कोणी सांगायचं. मला वाटायचं, एक दिवस ही शेड पडेल, वर माती साचेल आणि कधीतरी मला कोणी खणून काढेल. हातात माझं नाक घेऊन विचारात पडेल की हा पक्षी होता की ट्रॉली. या विचाराने मला हसू यायचं, पण ते फार वेळ टिकायचं नाही. तोवर माझे टायर बसले होते. गंज अजून प्लेटपर्यंत पोहोचला नव्हता, पण वाटेवर होता.

सुटकेची सुरुवात गिताबाईंनी केली. आपल्या गोण्या न्यायला आलेल्या जालिंदरच्या मागोमाग त्या शेडमध्ये आल्या. ताडपत्री वर करून माझ्याकडे बघितलं, कोंबडीला हुसकावलं आणि पिशवीतून कात्री काढली.

"काय करताय, ताई?" अयुबमामा धावत आले. "आपलं ठरलंय न्हवं? दुसऱ्याचं उसवायचं न्हाई."

"दुसऱ्याचं कोन उसवतंय?" गिताबाई म्हणाल्या. "माझं मी उसवते. त्याला का नियम हाय तुमचा?"

असा नियम नव्हता. इतके दिवस कोणाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. गिताबाईंनी आधी शेपटीची वाळलेली लिंबू-मिरची काढून टाकली. त्याने किती फरक पडला देव जाणे. मग जादाच्या पट्ट्या आणि वरची शिवण त्यांनी इतक्या हलक्या हाताने काढली की खालच्या कापडाला ओरखडाही आला नाही. "गप ऱ्हा, झालंच," त्या म्हणाल्या. फार दिवसांनी मला कोणीतरी गप राहायला सांगत होतं.

मग बाकीचे ओशाळून एकेक आले. अयुबमामांनी ग्राइंडर घेऊन आपले अँगल आपण कापले. ठिणग्या उडत होत्या आणि ते मान फिरवून उभे होते. जालिंदरने जाड टायर काढून पुस्तकातले बसवले. शाकीरला सगळ्यात जड गेलं. त्याने पॉलिश पेपर घेतला, मोराच्या पिसाऱ्यावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. गिताबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. मग त्याने शेपटीकडून सुरुवात केली. डोळा शेवटी घासला. घासताना मला दुखलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त दुखत होतं.

अयुबमामांनी बाजारातून कांदा तोलायचे तीन काटे आणले. तीन चाकं तीन काट्यांवर चढवली. पुष्कळ उतरलं होतं, तरी अजून थोडं जास्त होतं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू सीटकडे वळल्या, आणि तितक्याच हळू तिथून दूर झाल्या. कारण आता नियम ठरला होता, ज्याचं त्याने उसवायचं. आणि ज्याचं ते काम होतं, तो माणूस राहिला नव्हता.

करुणाला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. शाकीरने मोराची जागा दाखवली, अयुबमामांनी कापलेले अँगल दाखवले. ती प्रत्येकाजवळ जाऊन उभी राहिली. मग अयुबमामांनी सीटकडे बोट केलं.

"ती नाही काढायची, मामा," करुणा म्हणाली.

"मंग उडत न्हाई ती."

"नाही उडली तर नाही उडली. आप्पांनी हातानं केलेलं शेवटचं काम आहे ते. मी त्याच्यावर बसणार होते. ते काढून मी कशावर बसू?"

"भोकं पाडू तिला," शाकीर हळूच म्हणाला. "ड्रिल मारू. निम्मी हलकी हुईल, आन् प्लेट बी ऱ्हाईल." करुणाने होकाराची मान हलवली. पण ड्रिल हातात घ्यायला कोणी पुढे येईना. शाकीरनेही नाही घेतलं. करुणा संध्याकाळच्या गाडीने परत गेली. आता ताडपत्री पुन्हा कधी पडते याची मी वाट बघू लागले. इतक्या जवळ येऊन अडकणं खोक्यातल्या अंधारापेक्षा वाईट असतं, मित्रांनो.

पुढच्या रविवारी एसटीतून करुणा उतरली, आणि तिच्यामागून पार्वतीबाई. त्या शेडमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. काखेत म्हाळूआप्पांच्या पान्यांची पिशवी होती. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "दारं तर अजूनबी न्हाईत," त्या म्हणाल्या. मग अयुबमामांकडे वळल्या. "मंडळाचा नेम काय हाय, दादा?"

"ज्याचं त्यानं उसवायचं, वैनी."

"मंग सरका. हे काम माझंबी हाय." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "रोज सांच्याला ह्ये ओट्यावर बसून ही प्लेट कानशीनं घासायचे. घासताना ती हलू न्हाई म्हनून दोन्ही हातानं धरून कोन बसलं व्हतं? ह्यांचा हात जेवढा लागलाय, तेवढा माझाबी लागलाय."

सगळे बाजूला सरकले. करुणा मात्र सीटपुढे आडवी उभी राहिली. "आई, नको ना. माझ्यासाठी बसवलीय त्यांनी."

"व्हय, तुझ्यासाठीच." पार्वतीबाईंनी तिचा हात धरून तिला जवळच्या ट्रॉलीच्या कडेवर बसवलं आणि आपणही बसल्या. "आपला सारा जलम दौंडच्या टेसनात गेला. तू बघितलंयस न्हवं, पोचवायला आल्याली मानसं काय करत्यात? बॅग वर ठिवत्यात. शीट धरून देत्यात. बाटली भरून आनत्यात. आन् गाडी सुटायच्या टायमाला खाली उतरत्यात. किती बी जीवाचं मानूस असू दे, उतरावंच लागतं. न्हाई उतरलं तर ते पोचवनं कसलं?" पदराने त्यांनी तोंड पुसलं. "साहेब म्हनला व्हता न्हवं, ह्यात एक मानूस आधीच बसल्यालं हाय? त्ये तुझे आप्पाच हायत. तुझी शीट धरून बसल्यात कवाचे. त्यांनाबी आता अवघडलं असंल. उतरू दे त्यांना."

करुणा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अयुबमामा बाहेर जाऊन उगाच एका ट्रॉलीचा नट आवळत बसले. मला आसवं नाहीत, पण असती तर मीही रडले असते, हे मी लपवत नाही.

मग मायलेकी दोघी कामाला लागल्या. बोल्ट घट्ट होते. रेल्वेच्या माणसाने आवळले होते ते, सहज थोडेच निघणार. पार्वतीबाईंनी पाना धरला आणि करुणाने त्यावर जोर दिला. एकेक बोल्ट कुरकुर करत सुटला. शेवटचा निघाला आणि प्लेट माझ्या पोटातून बाहेर आली. घासलेल्या कडा अजून तशाच गुळगुळीत होत्या. पार्वतीबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि प्लेट त्याच गोणपाटात गुंडाळली. आणि मला कसं वाटलं म्हणाल, तर एकदम रिकामं. मोकळं वाटायला आणखी थोडा वेळ लागला.

साहेब पुन्हा आले. काटे लावले, आकडे वाचले, आत बघितलं आणि म्हणाले, "उतरला वाटतं." त्यांनी परवानगीचे कागद पूर्ण केले. शाकीरने विचारलं की नाकावर एक छोटासा मोर चालेल का. साहेब म्हणाले, "एकच हात." तेवढा मोर आजही माझ्या नाकावर आहे.

उडायच्या दिवशी सकाळी वारा शांत होता. मंडळ धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं. पार्वतीबाईंसाठी जालिंदरने खुर्ची आणली. त्या बसल्या आणि गोणपाटातली प्लेट त्यांनी मांडीवर घेतली. अयुबमामा म्हणाले, "वैनी, जड हाय, खाली ठिवा की." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यांनाबी दिसाया पायजे."

करुणा सीटवर बसली. मी धावले. तोच मुरूम, त्याच बाभळी. निम्मी धावपट्टी व्हायच्या आत माझी चाकं हलकी झाली, जमिनीला शिवू लागली, आणि मग शिवेनाशी झाली. खडखड थांबली. इंजिन गुरगुरत होतं, तरी इतकी शांतता मला माहीतच नव्हती. खाली घोड नदीचं पाणी दिसलं, शेडचा पत्रा दिसला. ज्या पत्र्याखाली माझी इतकी वर्षं गेली, तो वरून तळहाताएवढा होता. त्याच्याबद्दलचा राग तिथेच कुठेतरी गळून पडला.

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणीतरी असेल. धाकटं भावंड असेल, एखादं पाखरू असेल, नुसतं कुंडीतलं रोप असेल. त्याची काळजी जरूर घ्या. काळजी घेतली नसती तर मी अजून खोक्यातच असते. माझी शिवण नीट आहे ती गिताबाईंमुळे, आणि माझे नट कधी ढिले होत नाहीत ते म्हाळूआप्पांमुळे. पण काळजीचं ओझं करून ते कोणाच्या अंगावर घालू नका. पोहोचवायला या, बॅग वर ठेवा, जागा धरून द्या. आणि गाडी हलली की खाली उतरा.

पहिली गोल फेरी मारून आम्ही धावपट्टीवरून परत गेलो, तेव्हा मंडळ उड्या मारत होतं, शाकीर तर मुरमात लोळत होता. पार्वतीबाई खुर्चीतच होत्या. एक हात मांडीवरच्या प्लेटवर होता. दुसरा हात त्यांनी वर केला होता, दौंडच्या फलाटावर करतात तसा, आणि मला दिसत होतं तोवर तो खाली आला नाही.